एकभुक्त बायकांची संध्याकाळ

वर्ध्याहून पिपरीकडे जाणाऱ्या वाटेवर एक जुनी धर्मशाळा होती. कापसाच्या एका व्यापाऱ्याने ती निराधार म्हाताऱ्यांसाठी देऊन टाकली होती आणि गावातली प्रतिष्ठित माणसं, म्हणजे वकील, अडते, एक निवृत्त हेडमास्तर, समिती करून ती चालवत होती. लोक तिला बुढ्यांची धर्मशाळा म्हणत. पुढच्या बाजूला पुरुष राहायचे. विहिरीपलीकडे बायकांची लांब खोली होती, आणि त्या खोलीला लागून मागे एक पडवी. अंथरुणाला खिळलेल्या बायका त्या पडवीत. तिथून उठून परत खोलीत आलेली एकही बाई मला कोणी दाखवू शकलं नाही.

मी तेव्हा नुकती कॉलेजातून बाहेर पडले होते. आमच्या युवक मंडळाचं काम म्हणजे पत्रकं. देवीची लस टोचून घ्या, विहिरीजवळ धुणं धुऊ नका, मुलीला शाळेत घाला. पत्रक कसं लिहायचं ते मला तिथे शिकवलं गेलं. पहिल्या ओळीत दोष कोणाचा ते सांगायचं, शेवटच्या ओळीत काय हवं ते मागायचं, मधे रडायचं नाही. मला अजूनही तसंच लिहिता येतं. गोड आठवणी ज्यांना हव्यात त्यांनी हे इथेच मिटवावं.

मंडळाने मला धर्मशाळेत वर्तमानपत्र वाचून दाखवायला पाठवलं. मी संध्याकाळची जायची. बायका भिंतीला टेकून बसत, मी नागपूरच्या बातम्या वाचे, त्या सुपारी कातरत ऐकत. थोड्या वेळाने पुढे घंटा व्हायची. पुरुष उठून जेवायला जात. बायका मात्र जागच्या हलत नसत. कोणीतरी टाळ काढायचं आणि भजन सुरू व्हायचं.

पहिले काही दिवस मला वाटलं, बायकांची पंगत नंतर बसत असेल. आपल्याकडे तसंच असतं, आधी पुरुष, मग उरलेल्यावर बायका. एकदा मी मुद्दाम थांबले. पुरुषांची पंगत उठली, स्वयंपाकी चूल विझवू लागला.

"बायकांचं जेवण?" मी विचारलं.

"बायकायचं झालं ना सकाळीच."

"ते सकाळचं. आताचं?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चंद्राला रोज का उगवतोस म्हणून विचारलं होतं. "एकटंक हाये बाई इथं बायकायले. सगळ्या विधवा ना. त्यायले चालत नाई रातचं."

त्याच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता. कोणाच्याच बोलण्यात नव्हता, हीच तर चीड येण्यासारखी गोष्ट होती. समितीतल्या सगळ्यांच्या घरी एखादी विधवा आई नाहीतर आत्या होती, आणि ती एकभुक्त राहायची. दिवसातून एकदा अन्न, मग दुसऱ्या दिवसापर्यंत नाही. धर्मशाळा सुरू करताना या सज्जनांनी मोठ्या आदराने ठरवलं, की इथल्या बायकांचाही धर्म आपण मोडू द्यायचा नाही. संध्याकाळी त्यांच्यापुढे ताट ठेवणं म्हणजे त्यांचा अपमान. सकाळी ज्वारीची भाकर, पातळ वरण, एक भाजी. एकादशीला तेही नाही, मूठभर दाणे. आदर तो असा.

त्या खोलीत खऱ्या एकभुक्त बायका होत्या दोन-तीन. त्यांतली मुख्य एका शाळामास्तरांची विधवा. तिला सगळे मास्तरीणबाई म्हणत. ताठ बसायची, पांढरं लुगडं, हातात पोथी. बाकीच्या बहुतेक शेतात राबलेल्या, बाजारात बसलेल्या बायका. त्यांच्या घरात विधवा झाली म्हणून कोणी जेवण तोडत नव्हतं. जेवण तोडलं तर दुसऱ्या दिवशी शेतात निंदायला कोण जाणार? पण मास्तरीणबाईंच्या समोर, त्यांच्याच खोलीत, संध्याकाळी भूक लागली असं म्हणायची कोणाची छाती नव्हती. भुकेली विधवा म्हणजे चटोर विधवा. हे कोणी बोलत नसे, पण सगळ्यांना पाठ होतं.

खोलीच्या दाराशी एक म्हातारी बसायची. आष्टीकडची. नवरा तरुणपणीच गेला, मग तिने एकटीने भाजीची वाडी केली, वांगी, मेथी, चवळीच्या शेंगा टोपलीत घालून आठवडी बाजारात नेल्या. वाडी झेपेनाशी झाल्यावर पुतण्याने तिला इथे आणून सोडलं. मी वाचायला बसले की ती मला बातम्यांवरून टोमणे मारायची.

"नागपूरले मंत्री काय बोलला ते सांगतं रोज. वांगे काय भाव गेले ते काऊन नाई लिहीत तो पेपरवाला?"

"लिहितात आजी, मागच्या पानावर."

"मंग मागूनच वाचत जाय."

थंडी सुरू झाली तशी ती कमी बोलू लागली. पायावरची एक जखम भरेना. एकदा विहिरीवर पाणी काढताना डोळ्यांपुढे अंधारी आली, बादली सुटली, ती तिथेच बसून राहिली. सरकारी दवाखान्याचे डॉक्टर अधूनमधून येत. त्यांनी तिचं मनगट हातात धरलं, कातडी चिमटीत उचलून पाहिली. ती उचललेली तशीच राहिली.

"हिला आजार काही नाही," ते धर्मशाळेच्या व्यवस्थापकाला म्हणाले. "पोटात अन्न नाही. संध्याकाळी कण्या द्या, घट्ट वरण द्या, दूध द्या. दात नाहीत, भाकर मोडून भिजवून द्या. औषध लिहीत नाही, हेच औषध."

व्यवस्थापक भला माणूस. त्याने मान डोलावली. "तर मग तिला पडवीत हलवतो. पडवीतल्यांना संध्याकाळी पेज असते."

असं होतं. पडवीतल्यांना धर्म माफ होता. अंथरुणाला लागलेल्या बाईला संध्याकाळी ज्वारीची पेज मिळे, दाई चमच्याने तोंडात ओतायची. म्हणजे दोन वेळा खायचं असेल तर आधी उठायचं बंद झालं पाहिजे. इतका सरळ नियम मी दुसरा पाहिला नाही.

म्हातारीने ऐकलं आणि दाराची चौकट धरून उभी राहिली. "मी पडली नाई अजून. मले पडवीत नका टाकू."

"अहो आजी, दोन वेळचं मिळेल तिकडे."

"तिकडं गेलेली बाई वापस येत नाई. मले मालूम हाय." मग डॉक्टरांकडे वळून, "तुमी सांगा ना जी त्यायले. बसून खातो म्हणा मी. हात चालते माहे."

डॉक्टरांना पुढच्या गावी जायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मी घरून गूळ-दाणे आणि दोन मऊ पोळ्या रुमालात बांधून नेल्या. भजन चालू असताना तिला विहिरीच्या आडोशाला बोलावलं. तिने रुमाल उघडून पाहिला, वास घेतला, आणि परत बांधला.

"घ्या ना. कोणी पाहत नाही."

"म्हणूनच नाई घेत. चोरून खाल्लं तं तोंडाले लागते, पोटाले नाई लागत. मी काय मांजर हाव का? जन्मभर आपल्या हातानं कमावून खाल्लं. मले ताटात पायजे. बसून. बाकीच्या बायकाय संगं."

मी चिडले. तिच्यावरही चिडले, खोटं कशाला सांगू. पण घरी जाता जाता लक्षात आलं, की याचं पत्रक काढायचं तर इतकी नेमकी मागणी मला स्वतःला सुचली नसती.

आधी मी समितीच्या चिटणिसांकडे गेले. वकील होते. घरी बोलावलं, चहा दिला, शांतपणे ऐकून घेतलं.

"त्यांच्यापैकी कोणी मागितलं आहे का, संध्याकाळचं?"

"मागतील कशा? लाज वाटते."

"आमच्या मातोश्रीसुद्धा एकभुक्त होत्या. पुष्कळ जगल्या. कधी तक्रार नाही."

"त्यांना संध्याकाळी दूध असायचं?"

"दूध असायचं. फळं असायची. ते फराळात मोडतं."

"धर्मशाळेत काय असतं संध्याकाळी?"

"तिथे भजन असतं," ते म्हणाले. म्हणून झाल्यावर त्यांना ते कसं ऐकू आलं असेल, देव जाणे. चहा संपवून मी उठले.

मग मी पत्रक काढलं. "वर्ध्यात बायका उपाशी झोपतात आणि त्याला धर्म म्हणतात" ही पहिली ओळ. शेवटची ओळ, "प्रत्येक बाईसमोर संध्याकाळी ताट ठेवा. खायचं की नाही ते तिचं ती ठरवेल. तिला विचारू नका." विचारू नका, हे मी ठळक छापून घेतलं होतं. पत्रक कापसाच्या बाजारात वाटलं, कचेरीसमोर वाटलं. अडत्यांच्या गाद्यांवर ते वाचलं गेलं आणि समितीची चर्चा गावात सुरू झाली.

समितीने सभा घेतली. धर्मशाळेतच. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका, मधे खुर्च्यांवर समिती. मीही बायकांमध्ये बसले होते, म्हातारी माझ्या शेजारी. अध्यक्ष हेडमास्तर होते. त्यांनी आयुष्यभर वर्गात जसं केलं तसंच केलं.

"आमच्यावर आरोप झाला आहे. आम्ही लोकशाही मानतो. ज्या भगिनींना संध्याकाळी भोजन हवं असेल त्यांनी निःसंकोच हात वर करावा."

मी उठून म्हटलं, "असं विचारू नका. हेच तर लिहिलंय."

"तुम्ही बसा. तुम्ही इथल्या रहिवासी नाही."

मास्तरीणबाई पुढे ताठ बसल्या होत्या. मागच्या बायकांनी पदर पुढे ओढले. माझ्या दुसऱ्या बाजूची एक बाई होती, सेलूकडची, कापूस वेचणारी. रोज संध्याकाळी भजनात ती पोटाशी उशी धरून बसायची. तिने दोन्ही हात मांडीखाली घातले. मी पाहिलं. आपलेच हात ऐकणार नाहीत अशी तिला भीती होती.

सगळ्या सभेत एक हात वर गेला. दाराशी बसणारीचा. खांदा उचलत नव्हता म्हणून तिने दुसऱ्या हाताने कोपर धरून वर केला.

पुरुषांच्या बाजूने कोणीतरी म्हणालं, "बुढीले या वयात काऊन एवढी हाव सुटली वो?" आणि दुसरा, "आमच्या भाकरी मोजून ठेवा रे." हशा झाला. समितीतल्या एक-दोघांनीही ओठ दाबले.

"एक," अध्यक्ष म्हणाले. "एका भगिनीची इच्छा आहे. आम्ही तिचा मान ठेवू. तिचं ताट पुरुषांच्या पंगतीत शेवटी लावलं जाईल, वेगळी पंगत एका माणसासाठी परवडणार नाही."

मी पुन्हा उठले. सभा संपली होती.

ती पहिल्या संध्याकाळी जेवायला गेली. मी तिच्याबरोबर दारापर्यंत गेले, पुढे बाकीच्या बायकांना मज्जाव. ओळीच्या टोकाला एक पाट. समोर सगळे पुरुष. "या, जावई आले," कोणी म्हणालं. "आजीले तूप वाढा, मानपान हाये." ती पदर घट्ट करून बसली. भाकर कडक होती, तशीच वाढली होती, कोणी मोडून दिली नाही. तिने एक तुकडा वरणात बुडवला, तोंडात घोळवला. सगळे तिच्या तोंडाकडे पाहत होते. दात नसलेलं तोंड कसं चालतं, ते. दुसरा तुकडा तिने घेतला नाही. ताटाला हात जोडले आणि उठली.

दुसऱ्या संध्याकाळी घंटा झाली, ती जागची हलली नाही.

"चला ना आजी. त्यांना बोलू द्या."

"बोलण्याचं काई नाई वो. बाजारात यापरीस वंगाळ ऐकलं मी." थोड्या वेळाने म्हणाली, "तिथं जेवाले नाई बसवत. दाखवाले बसवतेत."

व्यवस्थापकाने समितीला कळवलं, की सोय करूनही सदर बाईने लाभ घेतला नाही. समितीचा जीव भांड्यात पडला.

पौषात ती पडली. विहिरीवर नाही, अंथरुणातून उठताना. दोन दाया आल्या आणि तिला उचलून पडवीत घेऊन गेल्या. चौकटीशी तिने हात धरायचा प्रयत्न केला होता असं मला नंतर कळलं. मी तिथे नव्हते, मी लसीची पत्रकं वाटत हिंगणघाटला होते.

परत आले तेव्हा दाई तिला पेज पाजत होती. डोकं मांडीवर, एका हाताने हनुवटी दाबून धरलेली, दुसऱ्या हाताने चमचा. पेज गालावरून कानात जात होती. म्हातारी डोळे मिटून गिळत होती, जसं कोणी औषध गिळतं.

"जरा टेकवून बसव ना तिला," मी म्हटलं.

"बसवली तं कलंडते. अन् मले एवढ्या जणींले पाजायचं हाये. तुमी बसवता का रोज येऊन?"

तिचंही खरं होतं. एका दाईला एवढ्या तोंडांत चमचा घालायचा तर माणूस बसतंय की नाही हे पाहायला वेळ कुठून आणायचा? पण हे तिच्यावर कोणी टाकलं, ते मी विसरायला तयार नव्हते.

तशीच तडक मी मास्तरीणबाईंसमोर जाऊन उभी राहिले. पोथी चालू होती.

"तुमचा नेम ठीक चाललाय ना?" मी म्हटलं. "पलीकडे ती चमच्याने जगतेय."

त्यांनी पान उलटलं नाही. "मी कोणाला जेवू नको म्हटलेलं नाही, मुली."

"म्हणायची गरज नव्हती. तुम्ही समोर बसलात की पुरतं."

"मग मी कुठे बसायचं? मलाही दुसरं घर नाही." पोथी मिटली. आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुला काय वाटतं, मला भूक लागत नाही? रोज लागते. दिवे लागणीला लागते. पंधरा-सोळाव्या वर्षी नवरा गेला तेव्हापासून लागते. ती लागते हे दाखवायचं नाही, एवढंच मला शिकवलं. तुझ्या पत्रकात याला कुठे जागा आहे?"

खरं सांगायचं तर माझा राग गेला नाही, पण तो आता त्यांच्यावर धरून ठेवता येईना.

त्या आठवड्यात त्यांनी व्यवस्थापकाला बोलावलं. मला हे त्यानेच सांगितलं, गोंधळून. मास्तरीणबाई म्हणाल्या, "मला संध्याकाळी दूध पाहिजे. ताटात वाटी ठेवून, इथे, बायकांच्या खोलीत, दार लावून. आणि मी एकटी पिणार नाही. सगळ्यांची ताटं लावा. भाकर मऊ करा, वरणात मोडून द्या." तो म्हणाला, समितीला विचारतो. त्या म्हणाल्या, "विचारा. सांगा की मास्तरीणबाईंना भूक लागते." समितीला हे इतकं लाजिरवाणं वाटलं, की त्यांनी चर्चाच केली नाही. होकार आला.

पहिल्या पंगतीला मी गेले. दार लावलेलं. कंदील. झुणका केला होता, जवसाची चटणी, वरणात मोडलेली भाकर. मास्तरीणबाई मधोमध बसल्या, पुढे दुधाची वाटी. बाकीच्या ताटांकडे पाहत होत्या, एकमेकींकडे नाही. कोणी हात घालेना.

पडवीतून आवाज आला. बारीक, पण ओळखू येण्यासारखा.

"काय वाढलं वो?"

"झुणका, आजी," मी पडवीच्या दारातून म्हटलं.

"मले न्या तिकडं."

दाई नको म्हणाली. व्यवस्थापकाचा नियम, पडवीतल्यांनी पडवीतच. मी तिच्या खांद्याखाली हात घातला. दाईने पाहिलं, पुटपुटली, आणि पाय धरले. तिचं वजन नव्हतंच. आम्ही तिला आणून पंगतीत बसवलं, मी मागे बसून माझे गुडघे तिच्या पाठीला लावले. सेलूकडच्या बाईने आपल्या शेजारचं जास्तीचं ताट तिच्यापुढे सरकवलं.

तिने स्वतःच्या हाताने घास केला. झुणका लुगड्यावर सांडला. घास तोंडात गेला. ती तो चघळत राहिली, चघळत राहिली. मला तिची पाठ गुडघ्यांवर जाणवत होती, प्रत्येक वेळी गिळायला जायची आणि अडायची. शेवटी तिने तो हातावर काढला, ताटाच्या कडेला नीट ठेवला. घसा विसरला होता. महिनोनमहिने उपाशी ठेवलेलं पोट एक दिवस घासही आत घेत नाही, हे मला कोणत्याही पत्रकात सापडलं नव्हतं. ते इथे, माझ्या गुडघ्यांना कळलं.

ती उठवा म्हणाली नाही. पंगत होईपर्यंत बसली. मास्तरीणबाईंनी दूध पिऊन वाटी खाली ठेवली, तेव्हा बाकीच्यांचे हात ताटात गेले. म्हातारी एकेकीकडे पाहत होती, बाजारात माल बघावा तसं.

मग आपलं ताट तिने बोटांनी सेलूकडच्या बाईपुढे ढकललं.

"वाया जाऊन राह्यलं. खाय."

त्या बाईने मास्तरीणबाईंकडे पाहिलं नाही. ताट जवळ ओढलं, झुणका वरणात कालवला आणि खाल्ला. ताट बोटांनी पुसलं. मग मान वर करून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, दाराशी उभ्या स्वयंपाक्याला म्हणाली, "भाकर आण अजून."

त्याने आणली.

दाराशी बसणारी फाल्गुन लागायच्या आत गेली. पडवीतच.